रडारवर दिसले, पण...

७ डिसेंबर १९४१, रविवारची सकाळ. हवाई बेटांतील ओआहूवर रडारपाशी बसलेल्या दोन सैनिकांना ७ वाजून २ मिनिटांनी विमानांचा मोठा ताफा दिसला. त्यांनी लगेच फोन केला. पलीकडच्या अधिकाऱ्याला वाटले, कॅलिफोर्नियाहून येणारी आपलीच बॉम्बफेकी विमाने असतील. काळजी करू नका, असे त्याने सांगितले. तासाभरातच जपानी विमाने पर्ल हार्बरवर तुटून पडली. २,४०३ अमेरिकन मृत्युमुखी पडले. त्यांतले १,१७७ एकट्या 'ॲरिझोना' युद्धनौकेवरचे. दुसऱ्याच दिवशी अमेरिका युद्धात उतरली.

यंत्राने आपले काम चोख केले होते. पण रडार तेव्हा नवे होते. दिसलेली विमाने आपली की परकी, हे ठरवण्याची व्यवस्थाच तिथे उभी राहिली नव्हती.