पोटमाळा : दोन मजल्यांमधील अर्धा मजला

इमारतीच्या दोन मुख्य मजल्यांच्या दरम्यान, खालच्याच दालनाच्या उंचीतून काढलेला आणि बहुधा त्या दालनाकडे एका अंगाने उघडा राहणारा जो आंशिक मजला, त्यास मेझनाईन अथवा पोटमाळा म्हणतात.

खोलीची उंची तिच्या लांबी-रुंदीशी प्रमाणबद्ध असावी, या तत्त्वाचा पुरस्कर्ता असलेला इटालियन स्थपती आन्द्रेआ पाल्लादिओ याने उत्तुंग दिवाणखान्यालगतच्या लहान खोल्यांची उंची दुभागून त्यांवर पोटमाळे योजिले, आणि १५७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांची नोंदही केली. जे प्रमाणाच्या दृष्टीने अतिरिक्त, तेच उपयोगाच्या दृष्टीने मौल्यवान ठरावे, ही केवढी रम्य युक्ती!

पेढीचे दप्तर, दुकानातील शिलकी माल, ग्रंथालयातील कपाटे, कारखान्यातील कचेरी अशा नाना प्रयोजनांस हा मजला आजही उपयोगी पडतो. मात्र खालच्या जागेचा उजेड व वारा कोंडू नये म्हणून बांधकामाचे नियम त्याचे क्षेत्रफळ सामान्यतः त्या जागेच्या एक-तृतीयांशापुरते मर्यादित ठेवतात. म्हणून पोटमाळा काढू इच्छिणाऱ्याने तुळयांची भारक्षमता अभियंत्याकडून तपासून घ्यावी आणि नगरपालिकेची रीतसर मंजुरी अवश्य मिळवावी.