पाठांतर करा, पण जोडीने!

"डॉक्टर, हल्ली काही लक्षातच राहत नाही. एखादे टॉनिक लिहून द्या." पन्नाशी-साठी ओलांडलेल्या मंडळींची ही तक्रार दवाखान्यात रोज कानी पडते. स्मरणशक्तीच्या नावाने बाजारात बाटल्या पुष्कळ मिळतात. पण निरोगी माणसाची स्मरणशक्ती त्यांनी वाढते, असा भरवशाचा पुरावा नाही. मी बिनखर्चाचा उपाय सुचवतो. एखादा मित्र वा मैत्रीण गाठा आणि दोघे मिळून कविता पाठ करा.

स्मरणाचे काम तीन टप्प्यांत चालते: मेंदूत नोंद होणे, ती टिकणे आणि हवी तेव्हा ती सापडणे. वयानुसार नोंद करण्याचा आणि शोधण्याचा वेग मंदावतो. आलेला शब्द जिभेवर अडकतो, तो त्यामुळेच. हा आजार नव्हे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरते, पुढे हा वेग कमी होतो, असे त्यांना आढळले. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे सरस ठरले. थोडक्यात, दहादा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवणे अधिक उपयोगी.

कविताच का? कारण वृत्त आणि यमक आठवणीला हात देतात. 'मनाचे श्लोक' घ्या. २०५ श्लोक, प्रत्येक ओळीत बारा अक्षरे. एखादा शब्द चुकला, की चाल अडखळते आणि चूक लगेच कळते. घरोघरी ते मुखोद्गत असत, त्यात या चालीचा वाटा मोठा.

आणि जोडीदार कशाला? एकट्याने म्हणताना आपण अडलेली ओळ गाळतो आणि 'येते मला' अशी समजूत करून घेतो. समोर पुस्तक धरून बसलेला मित्र ते चालू देत नाही. मी आणि माझा एक निवृत्त शिक्षकमित्र दर रविवारी हे करतो. आमची रीत साधी आहे. पहिल्या दिवशी अर्थ समजून घेऊन चारच ओळी घ्याव्यात. पुस्तक मिटून मोठ्याने म्हणाव्यात. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा म्हणाव्यात. समोरचा अडला तर लगेच सांगू नये. मनात दहा आकडे मोजावेत, मग फक्त पहिले अक्षर सांगावे. त्या दहा आकड्यांतच मेंदूचा खरा व्यायाम होतो. समोरासमोर जमत नसेल, तर फोनवरही चालते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कविता पाठ केल्याने हरवलेला चष्मा सापडेल किंवा स्मृतिभ्रंश टळेल, असे सिद्ध झालेले नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि ऐकू कमी येणे यांबरोबरच एकाकीपणाही आहे. म्हणून कवितेइतकाच तो रविवारचा मित्रही मोलाचा.

विसरण्यामागे बरे होण्याजोगी कारणेही असतात. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, झोपेच्या गोळ्या ही त्यांपैकी काही. शुद्ध शाकाहारी मंडळींनी, तसेच मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ब-१२ ची तपासणी जरूर करून घ्यावी. "सांगितलेले यांच्या लक्षात राहत नाही," म्हणून एका आजोबांना घरच्यांनी माझ्याकडे आणले. त्यांचे दोन्ही कान मळाने बंद झाले होते! जे ऐकूच आले नाही, ते लक्षात राहणार कसे?

ओळ विसरली तर घाबरू नका. परंतु तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांच्या हिशेबात वारंवार घोळ होणे ही लक्षणे दिसली, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. एकाएकी गोंधळल्यासारखे झाले, बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठा.

रोज एकाच घरात वावरणाऱ्यांना हळूहळू होणारा बदल पुष्कळदा जाणवत नाही. दर आठवड्याला पुस्तक धरून ऐकणाऱ्या मित्राला तो आधी जाणवू शकतो. तसे जाणवले, तर संकोच न करता त्याच्या घरच्यांच्या कानावर घाला. मैत्रीचे तेही एक कर्तव्यच आहे.