जागा बदलावी की धीर धरावा?

रविवारची सकाळ आहे. चहाचा पहिला घोट घेत असतानाच दूरध्वनी वाजतो. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र असते, आणि तेथील महाविद्यालयीन फुटबॉलचे सामने मुख्यतः शनिवारीच होतात. आपला नातू तेथे संघात खेळतो, याचे आपल्याला कोण कौतुक! पण आज त्याचा आवाज जड आहे. "आजी, आजही मला बाकावरच बसवलं. कोच म्हणतात, लाइनबॅकरची जागा सोड आणि पुढच्या रांगेत ये. पण त्यासाठी बारा किलो वजन वाढवावं लागेल. काय करू?"

आपल्याला त्या खेळातले काही कळत नाही, म्हणून आपण गप्प बसावे असे वाटेल. तसे करू नका. हा प्रश्न खेळाचा आहे त्याहून अधिक शरीराचा आणि मनाचा आहे. त्या दोन्ही गोष्टी आपल्याला त्याच्याहून कितीतरी अधिक ठाऊक आहेत.

लाइनबॅकर म्हणजे कोण?

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. येथे चेंडू हातात घेऊन धावतात. शंभर यार्डांच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू असतात आणि चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. त्यांना अडवणाऱ्या संघाची पहिली फळी म्हणजे धिप्पाड गड्यांची रांग. तिसरी फळी चपळ धावपटूंची. या दोहोंच्या मधोमध उभा राहतो तो लाइनबॅकर. कबड्डी पाहिलेल्यांना हे चटकन उमगेल. प्रतिस्पर्ध्याच्या पायांकडे आणि खांद्यांकडे पाहून त्याचा डाव ओळखायचा आणि क्षणार्धात झेप घेऊन पकड करायची. चेंडू घेऊन कोणी धावत येणार की चेंडू लांब फेकला जाणार, हे त्याला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठरवावे लागते. ताकद आणि वेग हवाच, पण त्याआधी हवी ती नजर. अर्धा क्षण उशीर झाला की पुढचे सारे श्रम वाया.

अपयशाचे मूळ शोधा

म्हणूनच जागा बदलण्याआधी विचारावयाचा प्रश्न असा की, मुलगा मागे का पडतो आहे? कारणे साधारणतः चार असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

पहिले कारण अनुभवाचे. शाळेच्या संघात केवळ अंगबळावर निभावून गेलेला मुलगा महाविद्यालयात आला की समोरचे सारेच बलवान असतात आणि डावपेचांची वही जाडजूड असते. ती अंगवळणी पडायला एखाददुसरा हंगाम जातोच. येथे उपाय धीराचा. जागा बदलली तर नवी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचावी लागेल.

दुसरे कारण देहयष्टीचे. कोणी लाइनबॅकरपेक्षा अवजड आणि बळकट घडलेला असतो, कोणी सडपातळ आणि वेगवान. अशा मुलाला पुढच्या किंवा मागच्या फळीत जागा दिल्यास तो फुलतो. जागा बदलण्याचे हेच खरे कारण.

तिसरे कारण मनाचे. घरापासून दूर राहणे, अभ्यास, शिष्यवृत्ती टिकेल की नाही याची धास्ती आणि अपुरी झोप. झोप बिघडलेल्या मुलाचा निर्णय कोणत्याही जागी उशिराच होणार.

चौथे कारण सर्वांत धोक्याचे, कारण ते दिसत नाही. ते म्हणजे लपवलेली दुखापत, विशेषतः डोक्याची.

ज्यांना नवी जागा लाभली

हासन रेडिक या खेळाडूची कथा येथे बोलकी आहे. टेम्पल विद्यापीठात तो शिष्यवृत्तीविना संघात शिरला आणि पुढे आघाडीच्या फळीच्या टोकावरून प्रतिस्पर्ध्याच्या सूत्रधारावर, म्हणजे क्वार्टरबॅकवर, झडप घालण्यात तरबेज झाला. 2017 साली ॲरिझोनाच्या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. पण उभे केले मधल्या लाइनबॅकरच्या जागी. पहिल्या तीन हंगामांत मिळून त्याच्या नावावर 7.5 'सॅक' जमा झाले, म्हणजे तितक्या वेळा त्याने क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वी पाडले. 2020 साली त्याला पुन्हा टोकावर आणले आणि त्या एकाच हंगामात त्याने 12.5 सॅक केले. मनुष्य तोच होता. बदलली होती ती जागा.

आपल्याकडचे उदाहरण तर आपण डोळ्यांनी पाहिले आहे. 27 मार्च 1994 रोजी ऑकलंडला सलामीवीर नवज्योत सिद्धूची मान आखडली आणि सचिन तेंडुलकरने सलामीला जाण्याची संधी मागून घेतली. 49 चेंडूंत 82 धावा झाल्या. तोवर एकदिवसीय सामन्यांत त्याचे एकही शतक नव्हते. पहिले शतक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले.

मात्र या दोन्ही कथांतील एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. रेडिक परतला तो आपल्या ओळखीच्या जागी, आणि सचिनने ती जागा स्वतः मागितली होती. नवी जागा त्यांच्या अंगभूत गुणांना धरून होती. शिवाय, यशाच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. जागा बदलूनही बाकावरच राहिलेल्यांची कथा कोणी लिहीत नाही.

बारा किलोंचा हिशेब

मोठ्या महाविद्यालयांत लाइनबॅकरचे वजन साधारणपणे शंभर ते एकशे दहा किलोंच्या आसपास असते. पुढच्या रांगेतील खेळाडू त्याहून बरेच वजनदार असतात. वजन वाढवायचे ते स्नायूंचे, चरबीचे नव्हे. त्यासाठी आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही गती योग्य मानली जाते. या हिशेबाने बारा किलोंना किमान सहा महिने लागतील. डिसेंबरमध्ये हंगाम संपल्यावर सुरुवात केली तर ऑगस्टपर्यंत ते जमण्यासारखे आहे. पण 'दोन महिन्यांत करून दाखव' असे कोणी म्हणत असेल तर तेथे थांबावे.

घाईने चढवलेले वजन पोटावर बसते, गुडघ्यांवर भार टाकते आणि रक्तदाब वाढवते. पुढच्या रांगेतील महाविद्यालयीन खेळाडूंत उच्च रक्तदाब अधिक आढळतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. ऑगस्टच्या उन्हातील सरावात उष्माघाताचा धोकाही याच अवजड खेळाडूंना जास्त असतो. आपल्या घराण्यात रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर ते नातवाला स्पष्ट सांगा. ही माहिती त्याच्या प्रशिक्षकाकडे नाही. ती आपल्यापाशी आहे. बाजारात मिळणाऱ्या पूरक भुकट्या संघाच्या आहारतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांत लेबलावर न लिहिलेले निषिद्ध घटक निघाल्याची उदाहरणे आहेत, आणि चाचणीत दोष सापडला तर शिक्षा खेळाडूलाच होते.

डोके सांभाळा

लाइनबॅकर धावत येऊन आदळतो. पुढच्या रांगेतील खेळाडू प्रत्येक डावात जवळून धडकतो. जागा बदलली म्हणून डोक्याचे धक्के चुकत नाहीत, त्यांचा प्रकार तेवढा बदलतो. डोकेदुखी, चक्कर, प्रकाश सहन न होणे, विसराळूपणा, चिडचिड, झोपेतील बदल ही मेंदूला हादरा बसल्याची लक्षणे आहेत. असा हादरा बसलेला खेळाडू डाव उशिरा ओळखतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की त्याचा खेळच घसरला. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडानियमांनुसार अशा खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवता येत नाही आणि वैद्यकीय परवानगीनंतरच तो टप्प्याटप्प्याने परततो. पण नियम लागू होण्यासाठी मुलाने आधी तोंड उघडले पाहिजे. जागा जाईल या भीतीने अनेक मुले नेमके तेच टाळतात.

आपण काय विचारावे?

निर्णय नातवाचा आहे. तो आपण घेऊ नये. पण पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

- ही जागा तुला आवडते का, की केवळ बाकावरून उठण्यासाठी हवी आहे?
- कोचना तुझ्यात नेमके काय दिसले? की त्या जागी माणूस कमी आहे म्हणून तुला सांगितले?
- जमले नाही तर जुन्या जागी परत येता येईल का? शिष्यवृत्तीचे काय?
- वजन किती महिन्यांत वाढवायचे, आणि त्यावर देखरेख कोणाची?
- वर्षानुवर्षे खेळणार नसलास तर ते वाढवलेले वजन नंतर उतरवणार कसे?

उत्तरे समाधानकारक असतील आणि मुलाचे मन घेत असेल, तर जागा जरूर बदलावी. त्यात कमीपणा नाही. उत्तरे धूसर असतील, तर एक हंगाम आहे तेथेच राहून डाव वाचण्याचा अभ्यास वाढवणे शहाणपणाचे.

आणि हे सारे विचारण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारा, जो आपण त्याला लहानपणापासून विचारत आला आहात: "झोप लागते ना रे नीट?" कदाचित तिकडे क्षणभर शांतता पसरेल. कदाचित तो म्हणेल, "दोन आठवडे झाले, डोकं दुखतंय गं. कोणाला सांगितलं नाही." असे घडले, तर लाइनबॅकर की पुढची रांग हा विषय तेथेच मिटवा. उद्या सकाळी पहिल्यांदा संघाच्या डॉक्टरांकडे जाईन, असे त्याच्याकडून वचन घ्या आणि संध्याकाळी आठवणीने पुन्हा फोन करा. जागेचे पुढच्या महिन्यातही ठरवता येईल.