बसवता येईल असा फँटम

किरणोपचाराच्या टेबलावर पेशंटच्या आधी फँटम झोपतो. ठरलेली मात्रा ठरल्या जागी पडते का, हे आधी या पुतळ्यावर तपासायचं. १९६०च्या दशकापासून नावाजलेल्या ‘रँडो’ या फँटमचं धड अडीच सेंटिमीटर जाडीच्या चकत्यांचं असतं: आत खरा मानवी सांगाडा, भोवती मांसाच्या घनतेचं प्लास्टिक आणि मात्रा मोजणारे बारीक डोसिमीटर बसवायला भोकं.

आता पेशंटला बसवून किरण देण्याची पद्धत मूळ धरते आहे. डोळ्याच्या मेलानोमावर प्रोटॉन उपचार फार पूर्वीपासून खुर्चीतच होतात. ‘लिओ कॅन्सर केअर’सारख्या कंपनीची खुर्ची छाती-पोटाच्या पेशंटलाही बसवून फिरवते, किरणांचा झोत जागचा हलत नाही. प्रोटॉनचा झोत पेशंटभोवती फिरवणारी गँट्री शंभर टनांच्या घरात जाते. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात अशा तीन आहेत. खुर्ची फिरली तर एवढा डोलारा उभारावा लागत नाही. शिवाय आडवं पडताच धाप लागणाऱ्यांना बसणं सोसतं.

अडचण शरीराची आहे. माणूस उठून बसला की श्वासपटल खाली सरकतं, फुप्फुसं जास्त फुगतात, पोट पुढे येतं, स्तन ओघळतात. रँडो आडवा ठेवा की उभा, आतलं काहीच हलत नाही. बसवून द्यायच्या किरणोपचारासाठी माणसासारखा फँटम घडवणं हा पीएच.डी.चा विषय होतो तो यामुळे.

काम सीटी स्कॅनपासून सुरू होतं. त्यावरून अवयवांचे साचे थ्री-डी प्रिंटरवर काढतात. फुप्फुस म्हणजे लवचिक प्लास्टिकची जाळी. तिची वीण किती विरळ ठेवायची ते नेमकं ठरवावं लागतं, कारण फुप्फुसाची घनता पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असते. मऊ भागांसाठी सिलिकॉन सोयीचं. पण सीटीवर ते मांसापेक्षा उजळ दिसतं. तेल घालून मऊ करावं, तर सीटीचा आकडाही बदलतो. जेल हुबेहूब थरथरतं, मात्र काही दिवसांत वाळून आकसतं. क्ष-किरणांना मांस वाटेल आणि स्वतःच्या वजनाने मांसासारखंच लोंबेल, असं मिश्रण जमवण्यात संशोधकाचा सगळा कस लागतो.

माझ्या मते अशा प्रबंधाची खरी परीक्षा एकाच तुलनेत आहे. फँटमचा आडवा आणि बसलेला, असे दोन्ही स्कॅन काढायचे आणि त्याचे अवयव माणसाच्या अवयवांइतकेच सरकले का, ते पाहायचं. ते जुळलं तरच पुढे फँटमच्या आत ठेवलेल्या फिल्मवर मोजलेल्या मात्रेवर भरवसा ठेवून पहिल्या पेशंटला खुर्चीत बसवता येईल.