तरुण स्त्रियांतील पक्षाघात आणि माहेरचा इतिहास

पक्षाघात हा उतारवयातील व्याधी, अशी आपली समजूत असते. परंतु विशी-तिशीतील स्त्रीस, विशेषतः सूतिकावस्थेत, मेंदूतील शिरेत रक्ताची गुठळी होऊनही तो उद्भवतो. अशा काही रुग्णांत मूळ कारण जन्मजात असते. चरकाचार्यांनी वर्णिलेल्या बीजदोषाची येथे आठवण होते. प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटिथ्रॉम्बिन जन्मतः कमी असल्यास रक्त लवकर गोठते. १९९४ साली नेदरलँड्समधील लायडेन येथे उलगडलेला ‘फॅक्टर फाइव्ह लायडेन’ हा दोष युरोपात अधिक, आपल्याकडे विरळा.

नुसत्या दोषाने बहुधा काही घडत नाही, निमित्त लागते. बाळंतपण हे एक, इस्ट्रोजनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या हे दुसरे. आपल्या बीड जिल्ह्यात महालक्ष्म्यांच्या सणाआधी पाळी लांबविण्याच्या गोळ्या सर्रास मागितल्या जातात. त्यांतील नॉरएथिस्टेरॉनचा अल्प अंश शरीरात इस्ट्रोजनात बदलतो. सून सासूबरोबर येते आणि कुलवृत्त सासूच सांगते. म्हणजे इतिहास भलत्याच घराचा! आम्ही माहेरची चौकशी करतो, तीही दोन्ही बाजूंची. वडील, आत्या, मावशी, भावंडे यांपैकी कोणास पन्नाशीपूर्वी पायाच्या शिरेत गुठळी झाली होती काय? होकार आल्यास गोळी देऊ नये.

सूतिकेची वाढती डोकेदुखी, वांती, झटके यांस केवळ वातप्रकोप मानून अभ्यंग-स्वेदनात वेळ दवडू नये. त्याच दिवशी अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे. साधा सिटी स्कॅन निर्दोष आला तरी शिरांच्या चित्रणाचा आग्रह धरावा.