टॅबमधला फोटो जातो कुठे?



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघात एका म्हशीच्या फोटोसाठी दोन दिवस शोधाशोध चालली होती. हसू नका. आमच्या गटातल्या एका काकूंची दुभती म्हैस दगावली. म्हशीचा विमा होता, कानात पिवळा बिल्लाही होता. पण त्यावरचे बारा आकडे घासून पुसट झालेले. विम्याच्या माणसाने विचारलं, "विमा उतरवताना काढलेला फोटो आहे का, म्हैस आणि तुम्ही एकत्र, बिल्ल्याचा नंबर दिसेल असा?" काकू ठामपणे म्हणाल्या, "आहे की! गटाच्या टॅबवर आहे. माझ्यासमोर काढलाय."

टॅब उघडला. आत चार हजारांवर फोटो. हळदीकुंकवाचे, बैठकीचे, पापडाच्या ऑर्डरचे, कोणाच्या तरी नातवाच्या बारशाचे, आणि रोज सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या फुलांचे तर शेकड्याने. 'विमा' नावाचा अल्बम आम्हीच केला होता. तो उघडला, तर त्यात म्हैस नाही.

आमची चूक अशी झाली. काही आठवड्यांपूर्वी टॅबवर "जागा संपली" अशी सूचना यायला लागली. फोटो निघेना, बैठकीचा व्हिडिओ उघडेना. आमच्यातल्या दोघी एका दुपारी आवरायला बसल्या. त्यांनी विचार केला, महत्त्वाचे फोटो तर अल्बममध्ये ठेवलेत, मग बाहेरच्या ढिगातले पुसले तर काय बिघडलं? त्यांनी ढिगातला म्हशीचा फोटोही पुसला. मध्ये एक सूचना आली होती, ती न वाचता "हो" दाबलं. आपण सगळ्याच असं करतो, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

बहुतेक टॅबवर 'गूगल फोटोज' हे ॲप असतं. त्यातला अल्बम म्हणजे डबा नव्हे. अल्बममध्ये फोटो टाकला म्हणजे तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला, असं होत नाही. त्याची दुसरी प्रतही निघत नाही. फोटो असतो एकच. अल्बम ही फक्त चिठ्ठी, "हा फोटो विम्याचा आहे" असं सांगणारी. मांडणीवरचा हळदीचा डबाच टाकून दिला, तर यादीत हळद लिहिलेली असून काय उपयोग? ढिगातला फोटो पुसला की तो अल्बममधूनही जातो. आणि तो इंटरनेटवर गूगलच्या खात्यात चढलेला असेल तर तिथूनही जातो.

आता काही टॅबमध्ये कंपनीची स्वतःची 'गॅलरी' असते, आणि तिथे अल्बम म्हणजे खरोखरचं फोल्डर असू शकतं. म्हणून आपल्या टॅबवर काय आहे हे एकदा करून बघा. एक बिनकामाचा फोटो काढा, अल्बममध्ये टाका, बाहेरून पुसा आणि अल्बम उघडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते आधी केलं असतं तर काकूंची दोन दिवसांची झोप गेली नसती.

काकूंचा फोटो शेवटी सापडला. त्यांची धाकटी सून कॉलेजला जाते, तिने टॅब हातात घेतला आणि थेट कचरापेटीचं चित्र शोधलं. त्याला कुठे 'बिन' म्हणतात, कुठे 'ट्रॅश'. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही, आधी तिथे जाऊन पडतो. गूगल फोटोजमध्ये, खात्यात चढलेला फोटो साठ दिवस तिथे राहतो. खात्यात न चढलेला, नुसता टॅबवरचा असेल तर तीस दिवस. त्यानंतर तो आपोआप कायमचा जातो. आमचा फोटो खात्यात चढलेला होता आणि पुसून बावन्न दिवस झाले होते. तिने 'रिस्टोअर' दाबलं, तशी म्हैस आणि काकू दोघी जागच्या जागी परत आल्या. बिल्ल्याचे आकडे स्वच्छ दिसत होते. कागद पुढे गेले आहेत, पैसे यायचे आहेत.

आवरायला बसणाऱ्या मैत्रिणींना म्हणून एक सांगणं आहे. जागा करायच्या घाईत बिन त्याच दिवशी रिकामी करू नका. त्या दुपारी आमच्या दोघींना ते बटण दिसलं नाही, हे काकूंचं नशीब.

मग आम्ही टॅब नीट लावायला घेतला. पहिला प्रश्न, जागा खातंय कोण? आमचा टॅब बत्तीस जीबीचा आहे. त्यातली बरीच जागा टॅबची स्वतःची व्यवस्थाच घेते. उरलेल्या जागेत फोटो फार जागा खात नाहीत. साधा फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. व्हिडिओ मात्र एका मिनिटाला शंभर एमबीच्या पुढेमागे जातो. म्हणजे दहा मिनिटांचं भाषण टिपलं की सुमारे एक जीबी संपला. आमच्याकडे एका पाहुण्यांचं अख्खं भाषण तीन वेळा होतं, तिघींनी आपापल्या व्हॉट्सॲपवरून टॅबवर पाठवलेलं.

म्हणून आवरायला सुरुवात फोटोंपासून करू नका, व्हॉट्सॲपपासून करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' आहे, त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथे पाच एमबीहून मोठ्या फाइली आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. पुसायचं ते तिथून पुसा. आमची निम्म्याहून जास्त अडचण तिथेच सुटली. त्याच सेटिंगमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरण्याचं बंद करता येतं. गटाच्या टॅबवर ते बंदच असावं, असं आमचं मत आहे. सकाळच्या शुभेच्छा ज्याच्या त्याच्या फोनवर येऊ देत.

आता ठेवायचं कुठे ते सांगतो. टॅबवर 'फाइल्स' नावाचं ॲप असतं, फोल्डरचं चित्र असलेलं. त्यात आत 'डॉक्युमेंट्स' आहे. तिथे आम्ही 'गट' असं एक फोल्डर केलं आणि त्याच्या पोटात चारच: बैठका, बँक, जनावरं, विक्री. आधी उत्साहाच्या भरात चौदा केली होती. आठवड्यात लक्षात आलं, की प्रत्येक फोटो कुठे टाकायचा याचाच वाद होतो. बचतीची पावती 'बचत'मध्ये, 'बँके'त की 'पावत्यां'त? फोल्डर कमी असले की हात चटकन त्या फोल्डरकडे जातो. फोटो तिथे नेताना 'कॉपी' नको, 'मूव्ह' करा. कॉपी केलं की एकाचे दोन होतात, आणि पुढे कुठला खरा, कुठला पुसायचा, हा घोळ परत सुरू.

नाव देणं हे खरं काम. कॅमेरा फोटोला स्वतःच नाव देतो, आकड्यांची लांब रांग. ती वाचता येते बरं का. त्यात २०२५०३१२ असे आकडे दिसले तर वर्ष २०२५, महिना मार्च, तारीख बारा. पुढचे आकडे बऱ्याचदा वेळेचे असतात. नावात 'डब्ल्यूए' ही अक्षरं असतील तर फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला. आणि इथे फसू नका. त्यातली तारीख फोटो आपल्याकडे आला त्या दिवसाची असते, काढला त्या दिवसाची नव्हे. हप्ता भरल्याची पावती मैत्रिणीने पंधरा दिवसांनी पाठवली, तर नावातली तारीख पंधरा दिवस पुढची असणार. दंडाचा वाद निघाला की हा फरक महागात पडतो.

आम्ही नाव असं देतो: २०२५-०३-१२, मग म्हैस, बिल्ला, आणि मालकिणीचं नाव. वर्ष आधी, मग महिना, मग तारीख. आपल्याला तारीख आधी लिहायची सवय, पण तसं केलं तर एक जानेवारी, एक फेब्रुवारी, एक मार्च हे सगळे एकाखाली एक येतात आणि वर्षाचा क्रम मोडतो. अंक सगळ्यांनी एकाच लिपीत लिहावेत, मराठी तर मराठी. अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी झाले की दोन वेगळे गठ्ठे पडतात. ज्यांना टाइप करणं जड जातं त्यांनी कीबोर्डवरच्या माइकचं चित्र दाबून बोलावं. आमच्या सत्तरीच्या अध्यक्षा आजी असंच नाव देतात, आणि टॅबने "म्हैस" ऐवजी काही भलतंच लिहिलं तर त्याला दोन शब्द सुनावतात.

इतिवृत्ताच्या वहीचे फोटो काढत बसू नका. गूगल ड्राइव्ह या ॲपमध्ये स्कॅन करायची सोय आहे. पाच पानं एकामागून एक टिपली की त्याची एकच पीडीएफ फाइल होते, कडा सरळ, अक्षर ठळक. बँकेत दाखवायला पाच वेगळे वाकडे फोटो आणि एक फाइल यांत किती फरक पडतो, हे आम्ही कर्जाच्या वेळी पाहिलं. आणि पासबुकाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नुसता फोटो पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं, आणि बारीक आकडे वाचता येत नाहीत.

आणखी एक जागा आहे, तिकडे कोणी बघत नाही: 'डाउनलोड'. सातबारा, पावत्या, अर्ज, जे काही उतरवतो ते तिथे पडतं. सापडलं नाही म्हणून परत उतरवतो, आणि एकाच सातबाऱ्याच्या चार प्रती होतात. महिन्यातून एकदा तेवढं उघडून बघा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. टॅबवर गूगलचं खातं कोणाचं आहे? आमच्याकडे आधीच्या सीआरपी ताईंचं होतं. त्या लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण गटाचे दोन वर्षांचे फोटो त्यांच्या खासगी खात्यात होते, आणि त्यांच्या घरचे फोटो आमच्या टॅबवर दिसत होते. दोघींनाही अवघड. आता गटाच्या नावाने वेगळं खातं आहे. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, गटाच्या पेटीत ठेवला आहे. या खात्यात फुकट जागा पंधरा जीबी मिळते, आणि त्यात ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. जून २०२१ च्या आधी थोडे लहान करून ठेवलेले फोटो त्यात मोजत नसत, आता मोजतात. म्हणून सगळं त्यावर टाकून निश्चिंत होता येत नाही.

गूगल फोटोजमध्ये 'जागा मोकळी करा' असं बटण आहे. ते खात्यात चढलेले फोटो टॅबवरून काढतं, खात्यात राहू देतं. म्हणजे फोटो सुरक्षित आहे, पण बघायला नेट हवं. आमच्या वाडीत पावसाळ्यात नेट दोन-दोन दिवस नसतं, म्हणून आम्ही ते बटण वापरत नाही. त्याऐवजी टॅबला लागणारा पेन ड्राइव्ह घेतला आहे. दर महिन्याच्या बैठकीनंतर 'गट' फोल्डर त्यावर उतरवतो. इथे मात्र 'मूव्ह' नको, 'कॉपी' हवं, टॅबवरचं टॅबवर राहिलं पाहिजे. पेन ड्राइव्ह खजिनदारांकडे, टॅब सचिवांकडे. पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, तसंच.

पुसण्यासाठीही आम्ही तोच नियम केला. एकटीने काही पुसायचं नाही. दोघी शेजारी बसायचं, एकीने नाव वाचायचं, दुसरीने हो म्हणायचं. वेळ लागतो. आमच्यातल्या तरुण मुलींना हे जुनाट वाटतं, त्या म्हणतात, बिन आहे की. पण काकूंची म्हैस दहा दिवस उशिरा दगावली असती तर बिनही रिकामी असती, हे त्यांना आम्ही दाखवून दिलं.

सभासदांच्या आधार कार्डांचे फोटो मात्र आम्ही टॅबवरून काढून टाकले. टॅब मुलांच्या हातात जातो, केंद्रावर जातो, दुरुस्तीला जातो. कुठे ओळख दाखवायची असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार मिळतं, ते ज्याचं त्याने आपल्याजवळ ठेवावं.

हे गटाचं झालं. घरच्या टॅबसाठी एकच जोडतो. आपल्यापैकी पुष्कळजणी भिंतीवरच्या जुन्या फोटोचा फोटो काढून ठेवतात. टॅब त्याला आजची तारीख देतो, आणि १९७० सालातलं लग्न कालच्या वाढदिवसाशेजारी जाऊन बसतं. गूगल फोटोजमध्ये ती तारीख बदलता येते. पण त्याआधी सासूबाईंच्या शेजारी बसून विचारा, की डावीकडून तिसरी कोण. आमच्या एका मैत्रिणीकडे तिच्या आईच्या माहेरच्या अकरा बायकांचा फोटो आहे, स्वच्छ, एकही रेघ नाही त्याच्यावर. नावं सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

पुढच्या बुधवारी दुपारी टॅब घेऊन आम्ही केंद्रावर बसणार आहोत. आपला टॅब किंवा फोन, आणि चार्जर, दोन्ही घेऊन या. मागच्या वेळी सहाजणी आल्या आणि चार्जर एकच होता.