शेतातील माती आणि धनुर्वात

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्याचा मातीशी संबंध जन्मभराचा असतो. कराड, वाळवे, पलूस, मिरज या भागांत कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत ऊस व हळद पिकते, तर पाटण व जावळीच्या डोंगरउतारांवर भाताची खाचरे असतात. या मातीत असंख्य सूक्ष्म जंतू वस्ती करून असतात व त्यांतील बहुतेक शेतीस उपकारकच आहेत. शेणखत कुजविणे, द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठविणे, ही कामे तेच करतात. तथापि याच मातीत मनुष्याच्या जिवावर उठणारा एक जंतूही राहतो. तो म्हणजे धनुर्वाताचा जंतू होय.

१८८४ साली जर्मनीत आर्थर निकोलायर यांनी बागेतील माती प्राण्यांना टोचली असता त्यांना धनुर्वात झाला. पुढे १८८९ साली जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी हा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. गुरे, घोडे इत्यादी जनावरांच्या आतड्यांत तो असतो व शेणा-लिदीवाटे जमिनीत येतो. प्रतिकूल स्थितीत तो टणक कवचाच्या बीजाणूचे रूप घेतो. असा बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतो. थोडा वेळ उकळल्यानेही तो मरत नाही.

जखमेत काय घडते?

हा जंतू हवा नसेल तेथेच वाढतो. खोडव्यातील उसाचा धारदार बुडखा, बाभळीचा काटा किंवा खिळा पायात खोल रुतला, की त्याबरोबर माती आत जाते व वरचे तोंड मिटते. गंजाने धनुर्वात होतो ही समजूत चुकीची आहे. खरा धोका आत गेलेल्या मातीचा असतो. तेथे जंतू विष निर्माण करतो व ते मज्जातंतूंवर परिणाम करते. साधारणतः ३ ते २१ दिवसांत जबडा आखडतो, म्हणजेच दातखिळी बसते. मग मान व पाठ ताठरते आणि शरीर धनुष्याप्रमाणे वाकते. तोवर जखम पुष्कळदा भरूनही आलेली असते.

संरक्षण ज्याचे त्याने

गोवराची लस गावातील बहुतेकांनी घेतली तर उरलेल्यांसही काही आधार मिळतो, कारण तो रोग माणसापासून माणसास लागतो. धनुर्वात तसा लागत नाही. तो मातीतून येतो. म्हणून शेजाऱ्याने घेतलेली लस आपल्या उपयोगी पडत नाही. हा रोग होऊन बरा झालेल्या मनुष्यासही तो पुन्हा होऊ शकतो. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले, ते लसीकरण व स्वच्छ प्रसूतीमुळे. माती मात्र पूर्वीचीच आहे.

बालकांना व गर्भवतींना ही लस नियमितपणे दिली जाते. मुलांना १० व १६ व्या वर्षीही टीडी लस मिळते. परंतु नांगरटीस व ऊसतोडीस राबणाऱ्या प्रौढांची चौकशी सहसा होत नाही. त्यांनी दर १० वर्षांनी एक मात्रा घ्यावी. पूर्वी लस घेतलेलीच नसल्यास पहिल्या दोन मात्रा ४ आठवड्यांच्या अंतराने व तिसरी ६ ते १२ महिन्यांनी घ्यावी. जखमेनंतर घेतलेली पहिलीच मात्रा लगेच पुरेसे संरक्षण देत नाही, म्हणून हे काम आधीच उरकावे.

जखम झाल्यास

जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. तीत शेण, राख किंवा माती कदापि भरू नये. सांगलीच्या हळदीची कीर्ती मोठी असली, तरी ती वरून दाबल्याने खोल गेलेले बीजाणू मरत नाहीत. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व मागील मात्रा केव्हा घेतली ते डॉक्टरांना सांगावे. जखम खोल व मळकट असल्यास ते लशीबरोबर तयार प्रतिविषही देतात.

२०१९ व २०२१ सालच्या महापुरांनंतर कृष्णाकाठी घराघरांतून चिखल उपसावा लागला. अशा कामी व शेणखत पसरताना पायांत बूट असावेत. ग्रामकार्यकर्त्यांनी ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी आशा सेविकांच्या साहाय्याने प्रौढांची यादी करावी व मात्रा राहिलेल्यांना केंद्रावर न्यावे. माती निर्जंतुक करता येत नाही. तीत राबणाऱ्यांना सुरक्षित करणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.